हाजीकडचं जेवण

सुनंदाताई,

परवा तुमच्यासाठी सगळे जमले होते. तुमच्याच एगैलाच्या घरी, हॉलमधले सोफे भिंतीला सरकवून, खाली सतरंज्या घालून. एकेक जण उठून बोलत होता. तुमच्या शाळेतल्या बाई बोलल्या, भावजींच्या ऑफिसातले बोलले. प्रत्येकाच्या बोलण्यात एक गोष्ट होतीच, की सुनंदाताई कशाला म्हणून घाबरल्या नाहीत. नव्वद साली तान्ही पोर कडेवर घेऊन एकट्या कुवेतहून इराकमार्गे जॉर्डनला पोचल्या, आणि दोन हजार तीनला सगळे निघून चालले होते तेव्हा ठाम इथेच राहिल्या. आपल्या बायकोचं हे कौतुक भावजी मान खाली घालून ऐकत होते. कुणीतरी मला म्हणालं, "वैशाली, तू बोल ना. तुझ्या सख्ख्या नणंद त्या." मी उठून पाणी आणायला आत गेले.

काय बोलणार होते? मी तुम्हाला घाबरलेलं पाहिलंय. तसं घाबरलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. त्या संध्याकाळचं आपण सहा वर्षांत एकदाही बोललो नाही. आता तुम्ही ऐकून विषय बदलू शकणार नाही, म्हणून बोलते.

मी लग्न होऊन कुवेतला आले तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. लिफ्टची, टॅक्सीवाल्यांची, धुळीच्या वादळाची, फोनवर कुणी अरबीत बोलायला लागलं तर त्याची. आणि तुमची. महेशने विमानतळावरच सांगून ठेवलं होतं, ताईला उलट उत्तर दिलेलं चालत नाही. तुम्ही पहिल्याच आठवड्यात मला गाडीत घालून भाजीबाजारात नेलंत आणि म्हणालात, "भाव तू करायचा. मी इथे उभी आहे." मी हिंदी, इंग्रजी आणि हातवारे मिळून कोथिंबिरीची जुडी घेतली, तर तुम्ही ती उलटीपालटी करून बघितलीत. "पिवळी आहे. पण घेतलीस हे चांगलं." तुमचं कौतुक हे असं असायचं. मला ते पुरायचं.

गार्गी झाली तेव्हा तुम्ही महिनाभर आमच्याकडे राहिलात. रात्री ती रडायला लागली की मी उठायच्या आत तुम्ही तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत असायच्या. मी एकदा म्हटलं, ताई, तुम्ही झोपा ना. तुम्ही म्हणालात, "मला लहान मूल हातात असलं की झोप येत नाही." तेव्हा ते वाक्य मला साधंच वाटलं होतं.

हाजीचं हॉटेल भावजींनी शोधलं होतं. राई भागात, त्यांच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत, टायरचं दुकान आणि एसी दुरुस्तीचं दुकान यांच्यामध्ये ते एवढंसं हॉटेल. हाजी उइगूर, चिनी मुलखातल्या काशगरकडचा. तिथून कधीतरी मक्केला आला आणि परत गेलाच नाही. नवरा-बायको मिळून हॉटेल चालवायचे. टेबलांवर प्लॅस्टिकची फुलाफुलांची आच्छादनं, भिंतीवर टीव्ही आणि स्वयंपाकघर समोर उघडं. त्याची बायको कणकेची लांब वळकटी दोन्ही हातांत धरून ताणायची, ओट्यावर आपटायची, दुमडून परत ताणायची, की बघता बघता तिच्या हातात दोऱ्यांची लड तयार. तुमची केतकी ते बघायला खुर्ची उलटी करून बसायची. त्या लांब शेवयांवर मटण, सिमला मिरची आणि टोमॅटोचा रस्सा. त्याला लगमान म्हणतात हे मला तिसऱ्या-चौथ्या खेपेला पाठ झालं. मी मटण खात नाही म्हणून हाजी माझ्यासाठी अंडं-टोमॅटो घालून वेगळं करायचा आणि माझ्यासमोर ठेवताना "भाभी का" एवढंच म्हणायचा. भावजींना तिथला गाजर घातलेला पुलाव आवडायचा. आणि तुम्ही गार्गीला मांडीवर घेऊन तिच्या शेवया चमच्याच्या कडेने बारीक तोडून भरवायच्या. ती माझ्याकडे बसायचीच नाही.

मग ते दोन हजार तीन आलं. बातम्यांमध्ये रोज युद्ध, रोज नकाशे. इराककडून क्षेपणास्त्रं येतील, त्यांत विषारी वायू असेल, असं लोक लिफ्टमध्ये बोलायचे. दुकानांतून चिकटपट्ट्या संपल्या. तुम्ही येऊन आमच्या न्हाणीघराची खिडकी प्लॅस्टिक लावून बंद केलीत, दाराच्या फटीसाठी ओली चादर कशी कोंबायची ते मला दाखवलंत. तुमचे हात इतके सराईत चालत होते की मला धीर आला. मी विचारलं, "ताई, तुम्हाला काहीच नाही वाटत?" तुम्ही पट्टी दाताने तोडलीत आणि म्हणालात, "ते झालं एकदा वाटून."

युद्ध सुरू झालं आणि सायरन वाजायला लागले. दिवसातून कितीदा तरी. पहिल्या वेळी मी गार्गीला घेऊन न्हाणीघरात बसले आणि माझे दात वाजत होते. ती विचारत होती, "आई, थंडी वाजते का?" मी हो म्हटलं. काही दिवस असेच गेले. तेव्हा विमानं कधी उडायची, कधी रद्द व्हायची. महेशच्या कंपनीने मला आणि गार्गीला दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मिळवून दिली. महेशला कारखाना सोडता येणार नव्हता. तुमचा फोन आला: "उद्या जाणार ना? मग आज हाजीकडे जेवू. लवकर जाऊ, लवकर येऊ."

मी म्हटलं, "ताई, अशात बाहेर?"

"घरात काय छप्पर लोखंडाचं आहे? पोरींना जरा माणसं दिसू देत."

तुम्हाला नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. आणि खरं सांगते, तुम्ही बरोबर असल्यावर काही होणार नाही असं मला वाटत होतं.

अजून उजेड होता. आम्ही आमच्या गाडीने आलो, तुम्ही केतकीला घेऊन तुमच्या गाडीने, भावजी ऑफिसातून चालत आले. रस्ता मोकळा होता, निम्मी दुकानं बंद. हाजी मात्र नेहमीसारखाच उभा. आमच्याशिवाय तीन-चारच गिऱ्हाइकं होती. तुम्ही पर्स खुर्चीला अडकवलीत, गाडीची किल्ली टेबलावर ठेवलीत, गार्गीला मांडीवर घेतलंत. केतकी नेहमीच्या जागी, स्वयंपाकघराकडे तोंड करून. भावजी कसलासा विनोद करत होते. वाडगे आले, वाफा येत होत्या. तुम्ही गार्गीला पहिला घास फुंकर मारून दिलात.

आणि सायरन वाजला.

तो सायरन आधीच्यांसारखाच होता, पण आपण घरात नव्हतो. हाजीने गॅस बंद केला. "अंदर, सब अंदर," असं म्हणत तो एकेकाला मागच्या खोलीकडे ढकलत होता. कुणीतरी दिवे घालवले. खुर्ची पडल्याचा आवाज झाला. केतकीने माझा दंड धरला आणि आम्ही पिठाच्या गोण्या ठेवलेल्या त्या खोलीत शिरलो. अंधारात मी महेशला विचारलं, "गार्गी?" तो म्हणाला, "ताईकडे आहे." आणि मी सुटकेचा श्वास टाकला, ताई. गार्गी तुमच्याकडे आहे म्हटल्यावर काळजीच मिटली होती.

केतकी माझ्या कानाशी म्हणाली, "मामी, व्हेअर इज मम्मा?"

महेशने मोबाइलचा उजेड केला. पिठाच्या गोण्या, हाजीची बायको, दोन बांगलादेशी माणसं, भावजी. तुम्ही नव्हता. गार्गी नव्हती.

हाजी म्हणाला, "मदाम बाहर गया. बच्चा लेकर. मैं समझा गाडी से कुछ लेना है." मग त्याने शटर ओढलं होतं.

मी त्या शटरवर दोन्ही हातांनी मारत होते एवढं मला आठवतं. हाजी आधी उघडेना. सायरन चालूच होता. शेवटी भावजींनी त्याला काहीतरी सांगितलं आणि त्याने शटर कमरेइतकं उचललं. आम्ही वाकून बाहेर पडलो. तुमची गाडी जागेवर नव्हती. गल्लीत माणूस नाही. हवेत जळक्या रबराचा वास होता. राईत तो नेहमीच असतो, पण त्या क्षणी मला वाटलं हाच तो वायू. मी पदर तोंडावर धरला, आणि लगेच मनात आलं, गार्गीच्या तोंडावर काय असेल? मी पदर सोडून दिला.

महेश म्हणाला, "घरी गेली असेल. घरी जाऊ."

भावजी म्हणाले, "नाही. जहराच्या रस्त्याला घे."

"तिकडे कशाला? तिकडे पुढे इराकची सरहद्द आहे."

"ती त्याच रस्त्याने जाईल, महेश. घे."

महेशने गाडी वळवली. तुमचा मोबाइल माझ्या मांडीवर, तुमच्या पर्समध्ये होता. सायरन थांबला, मग थोड्या वेळाने धोका टळल्याचा लांब सूर आला. त्याने मला काहीच वाटलं नाही. समोरून लष्कराचे ट्रक एकामागून एक येत होते आणि प्रत्येक ट्रकमागे मी पांढरी गाडी शोधत होते. रस्त्याच्या कडेला, उलटलेली, चिरडलेली, सगळ्या तऱ्हांनी ती मला दिसत होती. शेवटी मीच भावजींवर ओरडले, "तुम्हाला कसं माहीत ती इकडे गेली?"

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. म्हणाले, "नव्वद सालीही ती अशीच गेली. मी तिला बसमध्ये बसवून दिलं असं सगळ्यांना सांगतो ना, ते खोटं आहे. इमारतीत सैनिक आले तेव्हा मी बाहेर होतो. ती केतूला उचलून खाली धावली आणि रस्त्यावर जी गाडी थांबली तीत बसली. मी घरी आलो तर दार उघडं. गॅसवर दूध करपलेलं. ती जिवंत आहे हे मला महिन्यानंतर कळलं."

माझ्या शेजारी केतकी बसली होती. भावजींना ते आठवत होतं की नाही, मला माहीत नाही. तिने माझा हात सोडला आणि खिडकीकडे तोंड केलं.

अम्गराच्या वळणापाशी पोलिसांनी रस्ता अडवला होता. पुढे फक्त लष्करालाच सोडत होते. भंगाराच्या आवारांच्या भिंती सुरू होतात तिथे तुमची गाडी उभी होती, नीट. तिच्याशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तुम्ही. मांडीवर गार्गी, तिच्या नाकातोंडावर तुमची ओढणी, ओली करून बांधलेली. तुमच्या स्वतःच्या तोंडावर काहीच नव्हतं. शेजारी एक कोवळा पोलीस उभा. तो भावजींना म्हणाला, "बताका माफी." म्हणजे तुमच्याकडे ओळखपत्र नव्हतं. मग तुमच्याकडे बोट दाखवून तो हळू आवाजात आणखी काहीतरी बोलला. भावजींनी नंतर सांगितलं, तो म्हणत होता की या बाई विचारतायत, बगदादची बस कधी येणार.

मी गार्गीला ओढून घेतलं. तिला छातीशी धरून मी गाडीला टेकले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ताई, तुम्हाला मी ओळखू आले नाही. ते डोळे अजून माझ्या डोळ्यांसमोर येतात. तुम्ही मला म्हणालात, "तिला पाणी द्या. सकाळपासून काही नाही तिच्या पोटात." मला तुम्ही 'द्या' म्हणालात.

भावजी तुमच्यासमोर जमिनीवर बसले. सुटाबुटात, त्या धुळीत. तुमचे दोन्ही हात धरून म्हणाले, "सुनंदा, चल. जेवायचं राहिलंय."

मला वाटलं होतं आपण सरळ घरी जाऊ. पण तुम्ही लहान मुलासारख्या उठलात आणि भावजींनी गाडी खरोखरच हाजीकडे वळवली. हाजीने आमचे वाडगे झाकून ठेवले होते. शेवया फुगून लगदा झाला होता. त्याच्या बायकोने ते सगळं उचललं, नवी कणीक घेतली आणि काही न विचारता ताणायला लागली. ओट्यावर कणीक आपटल्याचा आवाज झाला की तुम्ही दचकत होता. तिच्या लक्षात आलं. मग तिने ती आपटली नाही, नुसतीच ताणत राहिली, वेळ लागला तरी.

मी गार्गीला घट्ट धरून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. केतकी माझ्या बाजूला. वाडगे आले तरी कुणी हात लावेना.

केतकी म्हणाली, "यू लेफ्ट मी."

तुम्ही तोवर परत आला होता. तुमचे डोळे तुमचेच दिसत होते. "हो," तुम्ही म्हणालात. "सायरन वाजला तेवढं आठवतं. मग तो पोलीस. मधलं काही नाही, केतू. मी काय सांगू तुला?"

"आय वॉज राइट देअर, मम्मा."

"हो गं."

भावजी म्हणाले, "केतू, तेव्हा तिने तुला नेलं आणि मला ठेवलं. मीसुद्धा खूप चिडलो होतो."

"मग?"

"मग विमानतळावर तुम्ही दोघी दिसलात. चिडायचं राहूनच गेलं."

केतकी बराच वेळ वाडग्यातल्या शेवया काट्याला गुंडाळत बसली. मग मान वर न करता तिने विचारलं, "तेव्हा मी रडत होते?"

तुम्ही म्हणालात, "एकदाही नाही. सगळ्या वाटेत एकदाही नाही." आणि तुम्ही जेवायला सुरुवात केलीत. रस्सा टेबलावर सांडत होता. पण तुम्ही सगळं संपवलंत. तुमचं बघून आम्हीही खाल्लं. हाजीने त्या दिवशी पैसे घेतले नाहीत आणि भावजींनीही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही केतकीला घेऊन विमानतळावर आलात. भावजींनी धावपळ करून तिच्यासाठी जागा मिळवली होती. मी रात्रभर झोपले नव्हते. तुमच्यावर इतकी चिडले होते की तुमच्याकडे पाहवत नव्हतं. तरीही मी म्हटलं, "ताई, तुम्हीही चला. तुम्ही इथे राहू नका."

"नाही."

"तुम्हाला परत तसं झालं तर?"

"म्हणून तर केतूला तुझ्याकडे देतेय."

"आणि भावजी? त्यांनी सांभाळायचं?"

तुम्ही आवाज चढवला नाहीत. "वैशाली, मी एकदा त्यांना न सांगता गेले. आता सांगूनसुद्धा जाणार नाही."

पुढे बोलायला वेळ नव्हता. ते भांडण तिथेच राहिलं. मला अजून वाटतं तुमचं चुकलं. तुम्ही यायला हवं होतं. नाशिकला बातम्या लावून बसायचे तेव्हा मला महेशइतकीच तुमची काळजी वाटायची. सायरन वाजला असेल, तुम्ही कुठल्या रस्त्याला लागला असाल. तुम्हाला फोन लागला की तुम्ही विचारायच्या, "केतू जेवते ना?" बस.

आम्ही परत आलो, शाळा सुरू झाल्या, खिडक्यांवरच्या चिकटपट्ट्यांचे डाग राहिले. मी गार्गीला तुमच्याकडे एकटीला ठेवत नव्हते. तुम्ही येताना तिला खाऊ आणायच्या, मी खोलीत बसून राहायचे. तुमच्या लक्षात आलं होतं. तुम्ही तिला गाडीत घेऊन जाते असं कधी म्हणाला नाहीत, मांडीवर घेणंही सोडलंत. मला वाईट वाटायचं, पण वाईट वाटण्यापेक्षा भीती जास्त होती. मी आई होते, ताई. त्याची माफी मी मागत नाही, आणि तुम्ही ती मागितलीही नसती.

मग दोन वर्षांनी अर्णवच्या वेळी माझं अचानक दुखायला लागलं. महेश कारखान्यात. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही आलात, भावजी मला हॉस्पिटलला न्यायला खाली थांबले. मी गार्गीचा हात तुमच्या हातात दिला. तुम्ही दारातच थांबलात. "खरंच ठेवतेस?" तुम्ही विचारलंत. मी मान हलवली. तुम्ही दाराची कडी आतून लावल्याचा आवाज मी जिन्यापर्यंत ऐकला. दुसऱ्या दिवशी महेश घरी गेला तेव्हा तुम्ही तशाच बसून होता म्हणे, गार्गी शेजारी झोपलेली. तुम्ही झोपला नव्हता. गाडीची किल्ली तुम्ही भावजींबरोबर पाठवून दिली होती.

हे मी परवा लोकांना कसं सांगणार होते? ज्या बाईला ते धीट म्हणत होते, ती स्वतःलाच घाबरून जगली. आणि तरी रोज उठून गाडी चालवून शाळेत गेली, मुलांना गणितं शिकवली, मला कोथिंबीर घ्यायला शिकवलं. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात तुम्ही माझं बोट धरून ठेवायच्या. मशीनचा आवाज झाला की पकड घट्ट व्हायची. मी रोज ठरवायचे, आज विचारीन, त्या दिवशी काय झालं होतं तुम्हाला. आणि आज सांगीन की माझा राग कधीच गेलाय. मग नर्स यायची, डॉक्टर यायचे. मी तुमच्या पायाला तेल लावून घरी यायचे.

काल गार्गी माझ्या खोलीत आली. अकरा वर्षांची झाली ताई, तुमच्याएवढी उंच होणार. मी तुमच्या साड्यांच्या घड्या घालत होते. ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "आई, आत्या मला घेऊन गेलेली, ते मला आठवतं."

मी हातातली साडी खाली ठेवली. तिने इतक्या वर्षांत कधी विषय काढला नव्हता. आम्हाला वाटायचं ती विसरली.

"काय आठवतं?"

"ती खूप फास्ट चालवत होती. एका हाताने मला धरून. शी वॉज क्राइंग, बट नो साउंड. आणि ती मला केतू म्हणत होती. केतू, घाबरू नको. केतू, झालं, पोचलोच आपण."

"तू सांगितलं नाहीस तिला? की तू गार्गी आहेस?"

"नाही." तिने साडीची घडी मांडीवर ओढली. "मला वाटलं, सांगितलं तर ती अजून घाबरेल."

"मग?"

"मग काय. ती केतू म्हणाली की मी ओ द्यायचे."